दोन कौल, एक मतदार

२०२४ साली महाराष्ट्राने साडेपाच महिन्यांच्या अंतराने दोन कौल दिले. ४ जूनला लोकसभेच्या ४८ जागांपैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या पदरात पडल्या आणि महायुतीला १७ जागांवर समाधान मानावे लागले. २३ नोव्हेंबरला त्याच मतदारांनी विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना दिल्या आणि आघाडीच्या तीन पक्षांना मिळून ४६ जागांवर आणून ठेवले. मधल्या काळात युद्ध झाले नाही, आणीबाणीही आली नाही. मतदार तेच होते आणि झेंडेही बहुतांशी तेच होते.

या उलथापालथीचा अर्थ लावताना कार्यकर्त्यांच्या बैठकांतून अजूनही दोन मते ऐकू येतात. पहिले असे की, लोकसभेला देशाचे प्रश्न होते म्हणून आपली बाजू वरचढ ठरली; विधानसभेला राज्याचे प्रश्न पुढे आले आणि देशाचे मागे पडले. दुसरे मत अधिक कडवट आहे. प्रश्नबिश्न काही नव्हते, बायकांनी दरमहा दीड हजारांत मत विकले, असे ते सांगते. आमच्या मते पहिले मत अपुरे आहे आणि दुसरे अन्यायाचे आहे. दोहोंचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. कारण पराभवाचा अर्थ जसा लावावा, तसेच पुढच्या वेळी मतदारासमोर उभे राहणे घडते. मतदारयाद्यांविषयी जे आक्षेप घेतले गेले, त्यांची तड लागलीच पाहिजे. परंतु तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याच्या आडोशाला उभे राहून आपल्याला स्वतःची झडती टाळता येणार नाही.

प्रथम जूनच्या कौलाकडे पाहू. तो ‘देशाच्या प्रश्नांवर’ मिळाला असे म्हणणाऱ्याने दिंडोरी, नाशिक आणि अहमदनगर हे तीन मतदारसंघ डोळ्यांसमोर आणावेत. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबर २०२३मध्ये निर्यातच बंद केली. उन्हाळ कांदा चाळीत भरण्याची वेळ आली तेव्हा, ४ मे २०२४ला, बंदी उठली. परंतु ४० टक्के शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य या दोन बेड्या तशाच राहिल्या. बाजार समितीतून हातात पडणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचून तेथील शेतकऱ्याने मत दिले आणि दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पराभूत झाल्या. आता हा प्रश्न देशाचा म्हणायचा की नाशिक जिल्ह्याचा? निर्णय दिल्लीतील वाणिज्य मंत्रालयाचा, आणि सडला तो मात्र निफाड-चांदवडच्या चाळीतला माल.

मराठवाड्यात तर नेमके उलट घडले. लोकसभेची निवडणूक, म्हणजे नियमाप्रमाणे देशाचीच. परंतु तेथे मत फिरले ते मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर आणि १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत राज्याच्या पोलिसांनी चालवलेल्या लाठ्यांच्या स्मरणावर. त्या विभागातील ८ जागांपैकी ७ आघाडीकडे गेल्या. राज्य शासनाविषयीच्या रागाने खासदार बदलले. या प्रश्नाचेही एक टोक दिल्लीत आहेच, कारण आरक्षणाची ५० टक्क्यांची मर्यादा मुंबईच्या विधिमंडळाला ओलांडता येत नाही, हे मे २०२१च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाले होते. दलित वस्त्यांतून संविधानाच्या चिंतेने जे मतदान झाले, ते मात्र निःसंशय देशाच्या प्रश्नावरचे मतदान होते. म्हणजे एकाच जूनमध्ये, एकाच राज्यात, तीन वेगळ्या ठिकाणचे प्रश्न एकाच चिन्हाच्या झोळीत येऊन पडले. शिवाय त्या वेळी दोन्ही आघाड्यांच्या एकूण मतांमधले अंतर एका टक्क्याहूनही कमी होते. ३० आणि १७ या आकड्यांच्या दिमाखात ही गोष्ट आपण विसरलो, आणि नोव्हेंबरच्या सभांत जूनचीच भाषणे पुन्हा केली.

‘राज्याचा प्रश्न’ आणि ‘देशाचा प्रश्न’ अशी वाटणी राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. ती कारभारासाठी आवश्यकही आहे. परंतु मतदाराच्या घरात त्या सूच्या टांगलेल्या नसतात. तेथे असते ते पाण्याचे मडके, रेशनचे कार्ड, मालाची पट्टी आणि मुलाचा नोकरीचा अर्ज.

समाजवादी चळवळीला हे नव्याने शिकण्याची गरज पडू नये. संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न घ्या. मराठी भाषकांचे राज्य, याहून अधिक ‘प्रादेशिक’ प्रश्न कोणता असणार? तथापि राज्ये निर्माण करण्याचा अधिकार घटनेने संसदेला दिलेला आहे, आणि म्हणून १९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने विधानसभा आणि लोकसभा या दोन्ही ठिकाणी तो प्रश्न एकाच ताकदीने नेला. समितीचे सरचिटणीस एसेम मुंबईच्या विधिमंडळात बसले आणि बॅरिस्टर नाथ पै राजापूरहून लोकसभेत गेले. द्वैभाषिकात बहुमत काँग्रेसचेच झाले. पण पश्चिम महाराष्ट्राने दिलेला तो तडाखा दिल्लीला तीन वर्षांहून अधिक काळ पचवता आला नाही. १ मे १९६०ला राज्य मिळाले आणि १९६२च्या निवडणुकीत त्याच मराठी मतदाराने काँग्रेसला २६४ पैकी २१५ जागा दिल्या! आपल्यापैकी अनेकांना तेव्हा ही कृतघ्नता वाटली. वस्तुतः मतदाराने एक काम काढले होते, ते पुरे झाले आणि त्याने तो हिशेब मिटवला. मात्र त्याच लाटेत राजापूरने नाथ पैंना पुन्हा दिल्लीला पाठवले, हेही ध्यानात ठेवावे. दिल्लीत बोलायला कोण हवा आणि मुंबईत कारभार कोणी करावा, याचे दोन निराळे निर्णय कोकणचा माणूस त्या काळीही घेत होता.

कोकणची गोष्ट निघालीच आहे तर रेल्वेचाही उल्लेख करू. मधू दंडवते १९७१पासून वीस वर्षे राजापूरचे खासदार होते. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर आलेल्या लाटेत महाराष्ट्राच्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या, तेव्हाही राजापूर ढळले नाही. रेल्वे हा संपूर्णतः केंद्राचा विषय. परंतु रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याहून अधिक स्थानिक प्रश्न दुसरा नव्हता. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याला शिमग्या-गणपतीला घरी जाता यावे, इतका तो साधा आणि घरचा होता. १९९० साली दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांनी भांडवल घातले, आणि १९९८च्या जानेवारीत पूर्ण मार्ग खुला झाला. तो रूळ केंद्रसूचीतला की राज्यसूचीतला, असे कोणी कुडाळच्या स्थानकावर विचारीत नाही.

आणि मृणालताई. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळवून देण्यासाठी लढलेली ही बाई आधी महापालिकेत गेली, १९७२ला विधानसभेत आणि १९७७ला उत्तर मुंबईतून लोकसभेत. ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही त्या निवडणुकीतली घोषणा आजही जुन्या साथींच्या तोंडी आहे. ती नुसती चुरचुरीत कोटी नव्हती. जिने माझ्या नळाला पाणी आणले, तिच्याच हातात माझ्या नागरिक हक्कांचा झगडा सोपवायला मी तयार आहे, असे त्या मतदाराने म्हटले होते. आणीबाणीचा प्रश्न हा संपूर्ण देशाचा, घटनेच्या गाभ्याचा प्रश्न होता. परंतु तो उत्तर मुंबईत विश्वासार्ह झाला तो पंधरा-वीस वर्षे हंडे घेऊन काढलेल्या मोर्चांमुळे.

याउलट नुसत्या देशव्यापी वाऱ्यावर विसंबून राज्याचे मत मागितले की काय होते, हेही या महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७१ साली लोकसभेची निवडणूक प्रथमच विधानसभांपासून तोडण्यात आली. राज्याराज्यांतली नाराजी आपल्या मतात मिसळू नये, हा इंदिराजींचा हिशेब उघड होता. ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा बांगलादेशच्या विजयाचा गुलाल अजून उडत होता आणि काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या. ढाक्याच्या विजयावर मुंबईचे विधिमंडळ भरले. मग पावसाळा आला. आला म्हणजे आलाच नाही. १९७२च्या दुष्काळात लक्षावधी माणसे खडी फोडायला गेली, आणि त्यांच्या बाजूने सभागृहात बोलायला विरोधकांची बाके जवळजवळ रिकामी होती. जे करून घेतले ते रस्त्यावर उतरून. मृणालताई आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या नेतृत्वाखाली बायकांनी लाटणी हातात घेतली, खेड्यापाड्यांतून कामाची मागणी उठली आणि त्या रेट्यातून रोजगार हमी योजना रुजली. पुढे २००५ साली केंद्राने जो ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्याचा पाया महाराष्ट्राच्या त्या दुष्काळी कामांवर घातला गेला होता. राज्याचा प्रश्न देशाचा होतो तो असा.

दिल्लीच्या वाऱ्यावर विसंबण्याची ही चूक काँग्रेसनेच केली असे नाही. मार्च १९७७मध्ये महाराष्ट्रात काँग्रेसला अवघ्या २० जागा मिळाल्या. वर्षभरानंतर फेब्रुवारी १९७८मध्ये विधानसभेची निवडणूक आली, तेव्हा जनता पक्षाच्या सभांत आणीबाणीखेरीज फारसे काही नव्हते. जनता पक्ष ९९ जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला, परंतु दोन काँग्रेसच्या ६९ आणि ६२ जागा मिळून त्यांचे सरकार झाले. आणीबाणीचा राग मतदाराने १९७७लाच मतपेटीत टाकून दिला होता. आता तो विचारीत होता की, तुमच्या हाती मंत्रालय दिले तर वीज, पाणी आणि कापसाचा भाव यांचे काय करणार? याचे उत्तर आपल्याजवळ तयार नव्हते. २०२४च्या नोव्हेंबरला जे घडले, ते पाहून आम्हांला त्या फेब्रुवारीची आठवण झाली.

मतदाराला हा फरक किती स्पष्ट कळतो, याचा सर्वांत निर्वाळ्याचा दाखला शेजारच्या कर्नाटकात सापडतो. १९८३ साली रामकृष्ण हेगडे यांचे जनता पक्षाचे सरकार तेथे आले, तेही बाहेरच्या पाठिंब्यावर. डिसेंबर १९८४च्या लोकसभेत कर्नाटकच्या २८ जागांपैकी २४ काँग्रेसने जिंकल्या. हेगडे यांनी राजीनामा दिला आणि विधानसभेसाठी पुन्हा जनतेकडे जाण्याचा निर्णय घेतला. मार्च १९८५मध्ये त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षाला २२४ पैकी १३९ जागा दिल्या. अवघ्या तीन महिन्यांत! दिल्लीसाठी राजीव गांधी आणि बेंगळूरसाठी हेगडे, असा तो स्वच्छ निवाडा होता. त्यामागे केवळ हेगडे यांची लोकप्रियता नव्हती. ग्रामविकासमंत्री अब्दुल नझीर साब यांनी गावोगाव कूपनलिका खणून पिण्याचे पाणी पोहोचवले होते आणि जिल्हा परिषदा व मंडल पंचायतींना खरा अधिकार देणारा कायदा करून घेतला होता. लोक त्यांना ‘नीर साब’ म्हणत. आपल्या सीमाभागातील बांधवांनाही हा विवेक जुना आहे. बेळगावकडच्या मराठी मतदाराने विधानसभेत वर्षानुवर्षे एकीकरण समितीचे आमदार पाठवले, परंतु बेळगावची लोकसभेची जागा समितीला कधीच मिळाली नाही.

त्याच मार्च १९८५मध्ये महाराष्ट्रातही काँग्रेस १९८०च्या १८६ वरून १६१ जागांवर आली आणि समाजवादी काँग्रेस, जनता, भाजप व शेकाप यांच्या आघाडीला शंभरावर जागा मिळाल्या. तीन महिन्यांपूर्वीच्या ४८ पैकी ४३च्या पार्श्वभूमीवर हा आकडा पाहावा. अलीकडचे दाखले तर पुष्कळ आहेत. राजस्थानने डिसेंबर २०१८मध्ये काँग्रेसला सत्ता दिली आणि मे २०१९मध्ये लोकसभेच्या पंचवीसच्या पंचवीस जागा भाजप आघाडीला. दिल्ली शहराने २०१४ आणि २०१९ साली सातही खासदार भाजपचे पाठवले आणि २०१५ व २०२० साली विधानसभेत आम आदमी पक्षाला ७० पैकी अनुक्रमे ६७ आणि ६२ जागा दिल्या. मग २०२५ साली त्याच दिल्लीने तो पक्ष २२ जागांवर आणला. तेव्हा कोणीही मतदार आपल्या खिशात आहे असे समजू नये.

मतदार असा निवडून पारखून मत देत असताना, दोन कौलांची गल्लत करतात ते राज्यकर्ते. येथे आपल्याला आपल्याच इतिहासातले एक पान उघडावे लागेल. एप्रिल १९७७मध्ये दिल्लीत आलेल्या जनता सरकारने, ज्यात आपले अनेक साथी होते, नऊ राज्यांच्या काँग्रेस सरकारांना घरी पाठवले. लोकसभेत तुमचा धुव्वा उडाला, म्हणजे राज्यातही तुम्ही जनतेचा विश्वास गमावला आहे, हे त्याचे समर्थन होते. आणीबाणीच्या जखमा ताज्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक विधानसभांचा पाच वर्षांचा मूळ कार्यकाळ आणीबाणीतच वाढवून घेतलेला होता, हे खरे. तरीही ते तत्त्व घातक होते. फेब्रुवारी १९८०मध्ये इंदिराजींनी त्याच तत्त्वाने नऊ विधानसभा विसर्जित केल्या आणि त्यांत आपले पुलोदचे सरकारही गेले. आपणच पाडलेल्या नाण्याने आपल्याला परतफेड झाली. लोकसभेतील पराभव हे राज्य सरकार बरखास्त करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे १९८८च्या अहवालात सरकारिया आयोगाला सांगावे लागले. हेगडे यांच्या राजीनाम्याची थोरवी या पार्श्वभूमीवर कळते. कोणी बरखास्त करण्याची वाट न पाहता ते मतदाराकडे गेले आणि विचारले, तुमचा हा कौल माझ्याविषयी आहे का?

आता त्या दीड हजारांच्या प्रश्नाकडे येऊ. जून २०२४च्या अखेरीस, लोकसभेच्या निकालाला महिनाही झाला नव्हता तेव्हा, राज्य शासनाने ‘लाडकी बहीण’ योजना काढली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांच्या खात्यावर दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले. दोन कोटींहून अधिक स्त्रियांना ते मिळाले आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेपूर्वीच आगाऊ देण्यात आले. शासनाचा हेतू मतांचा होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. निवडणूक झाल्यावर छाननीचे सत्र सुरू झाले आणि २१०० रुपयांचे आश्वासन मार्च २०२५च्या अर्थसंकल्पात उतरले नाही, यावरून तो पुरेसा सिद्ध होतो.

परंतु हेतू देणाऱ्याचा तपासला, आता घेणारीची बाजू पाहा. पाच माणसांच्या घरात, जेथे नवऱ्याची मजुरी महिन्यातून दहा-बारा दिवस लागते, तेथे स्वतःच्या नावाच्या खात्यात येणारे दीड हजार म्हणजे गॅसची टाकी, पोरीच्या वह्या आणि दुकानदाराची थोडी उधारी. त्या पैशासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. तिने ते स्मरणात ठेवून मत दिले, तर तिने मत विकले म्हणायचे? मग कांद्याच्या भावावर मत देणाऱ्या बागायतदाराला आपण जागरूक शेतकरी का म्हणतो? उद्योगपतीने करसवलतीसाठी देणगी दिली तर तो धोरणाचा पुरस्कार, आणि मजूर बाईने रोख मदतीसाठी बटण दाबले तर ती लाच, हा न्याय समाजवाद्यांच्या तोंडी शोभत नाही. ज्या चळवळीने लाटणे हे राजकारणाचे शस्त्र केले, तिच्या कार्यकर्त्याने बाईच्या संसाराचा हिशेब क्षुद्र मानावा, याचे आम्हांला दुःख होते.

आणि आघाडीने काय केले? आधी तिजोरी रिकामी होईल म्हणून ओरड केली, मग स्वतः ३००० रुपयांचे वचन दिले. ज्याला योजना चुकीची वाटते त्याने दुप्पट देऊ म्हणू नये, आणि ज्याला ती बरोबर वाटते त्याने पहिल्यापासून ती आपली म्हणावी. हातात पडलेल्या दीड हजारांपुढे कागदावरच्या तीन हजारांचा टिकाव लागला नाही. खरे विचारायचे ते विचारलेच गेले नाही: हा पैसा कायद्याने हक्काचा का नाही, की जेणेकरून निवडणुकीनंतर एकाही बाईचे नाव छाननीत गळणार नाही? अंगणवाडी सेविका आणि आशा यांना पूर्ण वेतन का नाही?

सोयाबीनचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. कारण नोव्हेंबरात विदर्भ-मराठवाडा सोयाबीनवर पेटेल, असे आपल्यातले जाणते लोक सांगत होते. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात भाव चार हजारांच्या आसपास. शेतकरी पोळला होताच. परंतु जूनच्या कांद्याचा धडा दिल्लीने घेतला होता. १३ सप्टेंबर २०२४ला कांद्याचे किमान निर्यातमूल्य काढून टाकले गेले आणि निर्यातशुल्क ४०वरून २० टक्क्यांवर आले. दुसऱ्याच दिवशी कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेण्यात आले. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलावा म्हणून परत पाठवला जाणारा माल १५ टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा नोव्हेंबरच्या मध्याला, मतदान ऐन आठवड्यावर असताना, देण्यात आली. भाव हमीपर्यंत चढला नाही. पण राग निम्मा झाला. आणि निवडणूक आटोपल्यावर? कच्च्या तेलावरचे तेच शुल्क ३१ मे २०२५पासून पुन्हा १० टक्क्यांवर आले.

या तारखा कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात, कारण ‘एक देश, एक निवडणूक’ या प्रस्तावाचे मर्म त्यांत आहे. कोविंद समितीने मार्च २०२४मध्ये अहवाल दिला आणि १७ डिसेंबर २०२४ला १२९व्या घटनादुरुस्तीचे विधेयक लोकसभेत मांडून संयुक्त समितीकडे पाठवण्यात आले. या प्रस्तावाला आपल्या बाजूने होणारा नेहमीचा विरोध असा की, निवडणुका एकत्र झाल्या तर राज्याचे प्रश्न देशाच्या लाटेत वाहून जातील. त्यात तथ्य आहे. परंतु तेवढ्यावर विसंबता येणार नाही, कारण दाखले दोन्ही बाजूंचे आहेत. १९९९ साली, कारगिलनंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत, महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकदम झाल्या. लोकसभेच्या लाटेचा लाभ मिळावा म्हणून युती सरकारने विधानसभा सहा महिने आधीच विसर्जित केली होती. मतदाराने युतीला लोकसभेच्या ४८ पैकी २८ जागा दिल्या आणि विधानसभेत १२५वर रोखून तिचे सरकार घालवले. दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्या असतानाही हे घडले. ओडिशात २०१९ साली एकाच दिवशी बिजू जनता दलाला विधानसभेत ११२ जागा मिळाल्या आणि लोकसभेच्या २१ पैकी ८ जागा भाजपने घेतल्या. २०२४ साली मात्र दोन्ही कौल एकाच दिशेने गेले. तेव्हा मतदार गोंधळेल, हा युक्तिवाद आपण जपून वापरावा. त्यात नकळत मतदाराला अजाण ठरवणे होते, आणि ते आपले काम नाही.

खरा आक्षेप निराळा आहे. निवडणुका वेगवेगळ्या वेळी होतात म्हणून दिल्लीला दर वर्षी कोठे ना कोठे मतदाराची भीती वाटते. डिसेंबर २०१८मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड गेले आणि दोन महिन्यांच्या आत, १ फेब्रुवारी २०१९च्या अंतरिम अर्थसंकल्पात, शेतकऱ्याला वर्षाला सहा हजार रुपये देणारी योजना आली. शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर थंडी-उन्हात बसले होते. तीन कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा झाली ती १९ नोव्हेंबर २०२१ला, उत्तर प्रदेश आणि पंजाबची निवडणूक तीन महिन्यांवर आली तेव्हा. महाराष्ट्राची विधानसभा लोकसभेबरोबर मे महिन्यात उरकली असती, तर सप्टेंबरात कांद्याचे शुल्क उतरले असते का? केंद्राच्या हातात आयात-निर्यात आहे, हमीभाव आहे, आणि जुलै २०१७पासून वस्तू व सेवा कराच्या रूपाने राज्यांच्या करवसुलीची चावीही बहुतांशी आहे. राज्याच्या सरकारला पेट्रोल, मद्य, मुद्रांक आणि वाहने यांपलीकडे स्वतःचा कर वाढवायला फारशी जागा उरलेली नाही. अशा स्थितीत दिल्लीच्या धोरणाने पोळलेल्या माणसाला पाच वर्षांत दोनदा तरी बोट उगारता यावे, इतकीच सोय आजच्या व्यवस्थेत आहे, आणि तीच काढून घेतली जात आहे. वारंवारच्या निवडणुकांनी विकास खोळंबतो म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे. मुंबईसह महाराष्ट्रातल्या बहुसंख्य महापालिका आणि जिल्हा परिषदा २०२२पासून तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या निवडणुकाविरहित काळात कोणत्या वस्तीचे पाणी वाढले?

राज्य की देश, या वादात म्हणून आमच्या मते फार वेळ घालवू नये. कार्यकर्त्याला जे यायला हवे ते असे की, वस्तीत उभे राहून एखाद्या प्रश्नाचा धागा हातात घ्यावा आणि तो तलाठ्यापासून तालुका, मुंबई, दिल्लीपर्यंत कोठे अडला आहे ते नेमके सांगता यावे. सोयाबीन परत का गेले? बारदाना नाही म्हणून परत गेले असेल तर राज्यातल्या खरेदी यंत्रणेला धरा. ओलाव्याची अट आडवी आली असेल तर दिल्लीला. पैसे आठवडेच्या आठवडे आले नाहीत तर दोघांना. हे सांगता आले की मतदार आपला हिशेब स्वतः करतो. त्याला आपल्या भाषणाची त्यानंतर फारशी गरज राहत नाही.

सोयाबीनची हमीभाव खरेदी दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि नोंदणी त्याआधीच. विदर्भ-मराठवाड्यातील शाखांनी या वेळी एकेक केंद्र वाटून घ्यावे, ओलावा मोजण्याच्या यंत्रापाशी आपला एक माणूस वही घेऊन रोज उभा करावा, आणि परत पाठवलेल्या प्रत्येक गाडीची तारीख व कारण लिहून आमच्याकडे पाठवावे. ती वही आम्ही या पानावर छापू.